यू-२५४० : एक नौका, एक रिकामी भिंत

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीने ‘एकविसाव्या प्रकारची’ पाणबुडी घडवली. तोवरच्या पाणबुड्या बहुतांशी पृष्ठभागावरून जात आणि गरजेपुरती बुडी मारत. हिच्यात मात्र बॅटऱ्यांची संख्या वाढवून पाण्याखालचा वेग ताशी सुमारे १७ सागरी मैलांवर, म्हणजे दुपटीहून अधिक, नेला होता. तिचे आठ भाग वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून शेवटी जोडले जात. अशा शंभरावर पाणबुड्या झाल्या. युद्धमोहिमेवर गेल्या अवघ्या दोन. यू-२५४० तिच्याच खलाशांनी मे १९४५ मध्ये बुडवली. १९५७ मध्ये ती वर काढण्यात आली आणि १९८४ पासून ती ब्रेमरहाफेन येथे संग्रहालय म्हणून उभी आहे.

तिच्याकडे केवळ ‘काळाच्या पुढचे यंत्र’ म्हणून पाहणे आम्हांस अपुरे वाटते. या पाणबुड्यांच्या जोडणीसाठी ब्रेमेनजवळ फार्गे येथे ‘व्हॅलेंटिन’ हा प्रचंड काँक्रीटचा कारखाना उभारला जात होता. त्या कामावर हजाराहून अधिक युद्धकैदी, छळछावणीतील बंदी व वेठबिगार मेले. मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यांनंतर काम थांबले. तेथून एकही पाणबुडी बाहेर पडली नाही. नौकेत बुद्धी दिसते, भिंतीत तिची किंमत. इतिहासाच्या वाचकाने ही दोन्ही पाने एकत्रच वाचावीत.