मारिओला मिळालेलं एक वर्ष

परवा कुलाब्यात काम होतं, ते आटपून कॅफे मोंडेगारमध्ये टेकलो. शेजारच्या टेबलावरची मुलं भिंतीला पाठ करून सेल्फी काढत होती. त्या भिंतीवर मारिओ मिरांडाची मुंबई आहे आणि समोरच्या भिंतीवर कॅफेतलीच गर्दी. मी चहा थंड होईपर्यंत बघत बसलो.

मारिओचा जन्म १९२६चा, दमणचा. घर सासष्टीतल्या लोटलीचं. लहानपणी घराच्या भिंतींवर रेघोट्या ओढायचा म्हणून आईने कोरी वही आणून दिली, हा किस्सा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. झेव्हियर्समधून त्याने पदवी घेतली ती चित्रकलेची नाही, इतिहासाची! मग जाहिरात एजन्सीत चार वर्षं नोकरी, ‘इलस्ट्रेटेड वीकली’, ‘टाइम्स’. म्हणजे बरं चाललं होतं.

अशात १९५०चं दशक संपता संपता गुलबेंकियन फाउंडेशनची एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली आणि गडी लिस्बनला गेला. आता काळ बघा. गोव्यावरून भारत-पोर्तुगाल संबंध १९५५लाच तुटलेले. लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही. अशा वेळी गोव्याचा एक माणूस मुंबईची नोकरी सोडून थेट त्या राजधानीत चित्रं काढायला जातो. पैसा मात्र सरकारी नव्हता. कालूस्त गुलबेंकियन हा आर्मेनियन माणूस तेलाच्या धंद्यात गब्बर झाला, १९५५ला लिस्बनमध्येच वारला आणि त्याच्या संपत्तीतून पुढच्या वर्षी ही संस्था उभी राहिली. तेलाचा पैसा असा कुठे जाऊन पोचतो!

वर्ष संपल्यावर तो परतला नाही. लंडनला गेला, पाच वर्षं राहिला, मासिकांसाठी चित्रं काढली, टीव्हीसाठी ॲनिमेशन केलं. इकडे १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. मुंबईत परतला तेव्हा त्याचं गाव भारतात आलेलं होतं.

आता माझं मत. तो मुंबईची नक्कल करत नाही, मुंबई रचतो. खऱ्या रस्त्यावर एका क्षणी दिसणार नाही इतकं सगळं एका चौकटीत कोंबतो: बाल्कनीतली बाई, तारेवरचा कावळा, झोपलेलं कुत्रं, घाईतला बाबू, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात कुणालाही न दिसलेलं एक प्रेमप्रकरण. सगळं काल्पनिक, तरी आपण म्हणतो, अरे, हा तर आपला नाका! अनोळखी शहरात वर्षभर नुसतं बघत बसायला मिळालं की ही नजर धारदार होत असणार. पुढे अमेरिका, जर्मनी, पॅरिस, जिथे गेला तिथे त्याने हेच केलं.

सगळंच गोड नाही. ठिपक्यांच्या तंग झग्यातली मिस फोन्सेका आज बघताना मला अवघडल्यासारखं होतं. गोडबोले मात्र अजूनही प्रत्येक कचेरीत सापडतो. आणि मी पाहिलेल्या चित्रांत तरी त्याची मुंबई बहुतेक दक्षिणेतलीच. गिरणगाव मी शोधतोय, कुणाला दिसलं तर कमेंटमध्ये टाका.

हे आज लिहायचं कारण आमच्या स्टेशनबाहेरचा पूल. ‘सुशोभीकरण’ म्हणून त्याच्या खांबांवर फ्लेमिंगो, वारली आणि योगासनं रंगवलीत. रंगवणाऱ्या मुलांशी बोललो. डिझाइन वरून ठरून आलेलं, चार दिवसांत खांब संपवायचे, मजुरी चौरस फुटावर. त्यातल्या एकाच्या मोबाइलमध्ये त्याने स्वतः काढलेली लोकलच्या डब्याची चित्रं होती. दारातली गर्दी, भजनी मंडळ, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूस. सुंदर! विचारलं, ही का नाही काढलीस इथे? म्हणाला, ‘काका, ही कोण पास करणार?’

त्या मुलाला कुणी सहा महिने खोली आणि दोन वेळचं जेवण दिलं तर किती खर्च येईल, याचा हिशोब मी परतीच्या लोकलमध्ये करत बसलो. एका खांबाच्या रंगकामाचा खर्च नेमका किती, हे कुणाला माहीत असेल तर सांगा, तुलना करायची आहे.