गुठळी झाली, तरी रक्त वाहतेच

बोट कापले की आपण ते दाबून धरतो, आणि थोड्याच वेळात रक्त थांबते. रक्त थांबले म्हणजे ते गोठले, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु ही दोन कार्ये एक नव्हेत, हे अलीकडे उंदरांच्या रक्ताने फार स्वच्छ दाखवून दिले.

गुठळीचे तंतू ज्या द्रव्यापासून विणले जातात ते फायब्रिनोजेन. स्वीडनच्या हामारस्टेनने ते एकोणिसाव्या शतकातच घोड्याच्या रक्तातून शुद्ध करून घेतले होते. पुढे १९२० साली जर्मनीत राबे व सालोमन यांनी जन्मतःच हे द्रव्य नसलेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. रक्त गोठतच नाही, तरी मूल वाढते! हे कोडेच होते.

१९९५ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे जे डेगन व त्यांचे सहकारी यांनी फायब्रिनोजेनचे जनुकच निकामी केलेले उंदीर निर्माण केले. सुमारे तीस टक्के पिलांच्या पोटात जन्मानंतर लगेच रक्तस्राव झाला. पण बहुतेक पिले त्यातूनही तगली. माद्यांचे नशीब मात्र निराळे. गर्भ राहिला की दहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून रक्त वाहू लागे, आणि मादी दगावे. हा दोष असलेल्या स्त्रियांनाही गरोदरपणी बाहेरून फायब्रिनोजेन द्यावे लागते, ते उगीच नव्हे.

पण खरी मौज पुढच्याच वर्षी झाली. १९९६ साली याच मंडळींनी फायब्रिनोजेन तसेच ठेवून त्याच्या गॅमा साखळीचे शेवटचे पाच दुवे, केवळ पाच, छाटून टाकले. रक्त नेहमीसारखे गोठले, गुठळीही पक्की. तरी जखम केल्यावर या उंदरांचा रक्तस्राव आवरेना, आणि काही पिले तर जन्मताच त्याने दगावली. कारण रक्तातील सूक्ष्म बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना बिलगतात त्या या शेपटालाच धरून. ते गेले, मग जखमेच्या तोंडाशी बूच बसणार कसे?

बिंबिकांची हीच पकड हृदयविकारात मुद्दाम सोडवावी लागते, कारण तेथे बूच बसते ते हृदयाच्या रक्तवाहिनीत. टिरोफिबान हे १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध नेमके तेच करते. आणि ते देताना डॉक्टरांना मुख्य धास्ती असते ती रक्तस्रावाचीच.