छत्तीस तासांचा दिवस

मध्यंतरी रात्री अडीचला माझ्या फोनवर अलर्ट आला, सर्व्हर पडला होता. चाळीस मिनिटांत काम आटोपलं आणि सकाळी मॅनेजरने स्वतःहून सुट्टी दिली.

त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण कोथरूडच्या फ्लॅटवर आली. ती पुण्यातच मेडिकल पीजीच्या पहिल्या वर्षाला आहे. सलग छत्तीस तास ड्यूटी झाली होती. बूट न काढताच सोफ्यावर बसली आणि रडायला लागली.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. झोपायचंय."

मी म्हणालो, "पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं." ते वाक्य मला अजून टोचतं.

कोडमध्ये विचित्र नियम दिसला, की तो कुणी आणि कधी लिहिला हे मी आधी बघतो. इथंही तेच केलं.

1889 साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथं विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने शिकाऊ डॉक्टरांची पद्धत बसवली. त्यांनी हॉस्पिटलातच राहायचं आणि कायम हाताशी असायचं. 'रेसिडेंट' म्हणजे खरोखरच तिथला रहिवासी. हॉल्स्टेड स्वतः भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग करता करता व्यसनात अडकला होता, आणि पुढे मॉर्फिन त्याला जन्मभर सुटलं नाही. ही पद्धत व्यसनातून आली असं मी म्हणणार नाही. पण जगभरच्या रेसिडेंटांनी ज्याचा कित्ता गिरवला, त्यालाच रोजचा दिवस ढकलायला औषध लागत होतं.

1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी दगावली. तिच्यावर उपचार करणाऱ्या रेसिडेंटांच्या कामाच्या तासांवरून गदारोळ झाला. 1989 मध्ये त्या राज्याने आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली.

आपल्याकडे? 5 जून 1992 च्या केंद्र सरकारच्या आदेशात लिहिलंय: सलग 12 तासांहून जास्त काम नको, आठवड्याला साधारण 48 तास. म्हणजे हा नियम माझ्या बहिणीच्या जन्माआधीचा आहे. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात शिफारस आहे 74 तासांची. बत्तीस वर्षांत कागदावरचा आकडाच 26 तासांनी वाढला, आणि तरी तो वाचून बहीण म्हणाली, "एवढं जरी मिळालं ना!"

त्याच अहवालासाठी झालेल्या पाहणीत पीजीच्या सुमारे 31 टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं, की वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात येऊन गेले.

अशा मुलांना मन खंबीर करा म्हणून सांगितलं जातं. मीही तेच केलं होतं. सर्व्हर पडला की आम्ही त्याला धीर देत बसत नाही, लोड किती होता ते बघतो.

हल्ली मी तिला "कशी आहेस?" विचारत नाही. त्याचं उत्तर "मजेत" असंच येतं. मी विचारतो, "शेवटची कधी झोपलीस?" परवा उत्तर आलं, "काल दुपारी." सोबत लिहिलं होतं, "दादा, 14416 ला फोन केला होता. बरं वाटलं बोलून." टेली-मानसचा हा सरकारी नंबर मोफत आहे.

तुमच्या ओळखीतही कुणी रेसिडेंट असेल. आज झोपेचं विचारून बघा.