क्रोटनची कुळकथा

बदलीच्या गावी नव्या बंगल्याचा ताबा घेताना टेबले, खुर्च्या आणि पंखे यांची यादी तपासून सही करावी लागते. त्या यादीत कधीच न लिहिलेली, पण प्रत्येक ठिकाणी हमखास आढळणारी एक वस्तू म्हणजे पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस गेरू फासून मांडलेल्या कुंड्या आणि त्यांतील क्रोटन. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. भाषा बदलली, पाणी बदलले. क्रोटन बदलला नाही. लाल, पिवळी, शेंदरी, काळपट जांभळी अशी ती चकचकीत पाने पाहिली की मला कचेरीतल्या फायलींच्या फितीच आठवत. ज्याला सुवास नाही, ज्याच्या फुलाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, असे हे झाड साहेब लोकांनी हौसेने आणले आणि जाताना येथेच टाकले, एवढीच माझी समजूत होती. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. क्रोटनचे कूळ शोधावे असे तर कोणाच्या मनातही येत नाही.

माझ्या मनात ते आले कोलकात्यास. बंगल्याचा माळी ओडिशाचा, वयाने माझ्याहून वडील. ‘हे क्रोटन जरा मागे सरकवा’ असे मी म्हणताच त्याने अत्यंत अदबीने मला दुरुस्त केले, ‘साहेब, हे पाताबाहार.’ बंगालीत क्रोटनला हेच नाव आहे. पानांची बहार! आपण मराठी माणसांनी ह्या झाडाला नाव देण्याचीही तसदी घेतली नाही. इंग्रजीतले उचलले, आणि गंमत अशी की तेही चुकीचे आहे. वनस्पतिशास्त्रात क्रोटन हे ज्या वंशाचे नाव, त्या वंशात आपला जमालगोटा मोडतो. बागेतला क्रोटन त्याच एरंडाच्या कुळातला खरा, पण वंशाने निराळा. लिनिअसने १७५३ मध्ये त्याला क्रोटन ठरविले. पुढे १८२४ मध्ये आद्रिएँ द ज्यूसियू ह्या फ्रेंच पंडिताने त्याचा वंश वेगळा काढून ‘कोडिएम’ हे नाव कायम केले. शास्त्रज्ञांनी ते मान्य केले, बागवानांनी केले नाही. तेव्हापासून हे निरुपद्रवी झाड जमालगोट्याचे आडनाव लावून आमच्या दारात उभे आहे.

‘कोडिएम’ हा शब्द मात्र ज्यूसियूचा नव्हे. तो त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी परमुलखात नोकरीस असलेल्या एका अधिकाऱ्याने स्थानिक नावावरून टिपून ठेवला होता. त्याचे नाव गेऑर्ग रुम्फिउस. जन्माने जर्मन, चाकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. मोलुक्का बेटांतील आंबोन येथे तो १६५४ च्या सुमारास पोचला, आणि मरेपर्यंत, म्हणजे १७०२ पर्यंत, तेथून परत गेला नाही. हुद्दा व्यापारी अधिकाऱ्याचा, काम मसाल्यांचे. पण कचेरीचे तास संपले की हा मनुष्य बेटावरची झाडे, वेली, शिंपले आणि त्यांची लोकांच्या तोंडची नावे लिहून काढीत असे. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या फेब्रुवारीत भूकंपात त्याची पत्नी आणि एक मुलगी भिंतीखाली सापडून गेल्या. पुढे तो सांगे आणि लेखनिक लिहीत. १६८७ मध्ये आंबोन शहराला लागलेल्या आगीत ग्रंथासाठी काढविलेली चित्रे जळाली. ती त्याने दुसऱ्यांकडून पुन्हा काढवून घेतली. ग्रंथाचा पहिला भाग हॉलंडला रवाना झाला, तो घेऊन जाणारे जहाज १६९२ मध्ये फ्रेंचांनी बुडविले. बटाव्हियाच्या गव्हर्नर-जनरलने सुदैवाने नक्कल करून ठेवली होती, म्हणून काम वाचले. ग्रंथ पूर्ण होऊन हॉलंडला पोचला तेव्हा मसाल्याच्या बेटांची माहिती परक्यांच्या हाती पडेल ह्या भीतीने कंपनीने तो दाबून ठेवला. छपाईस प्रारंभ झाला १७४१ मध्ये. लेखकाला जाऊन तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. दप्तरदिरंगाईची उदाहरणे आपणा सर्वांच्या संग्रही असतात. पण ह्याच्यापुढे माझी सगळी फिकी पडली.

ह्या ग्रंथात क्रोटनचे वर्णन आहे, आणि ते एकाच झाडाचे नाही. सोनेरी ठिपक्यांचा एक, फितीसारख्या अरुंद पानांचा एक, आणि रानात उगवणारा निराळा, असे भेद रुम्फिउसने केलेले आहेत. मला हेच महत्त्वाचे वाटते. रानटी जात आणि बागेतली जात असा भेद जेथे आधीच झालेला असतो, तेथे लोकांनी ते झाड हाताळलेले असते, निवडलेले असते, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेलेले असते. म्हणजे साहेबाने क्रोटन घडविला नाही; तो त्याला तयार मिळाला. आजही पापुआ न्यू गिनी आणि वानुआतू येथे क्रोटन व त्याची सोबतीण कॉर्डिलाइन (जिला आपले माळी ड्रेसीना म्हणतात) ही झाडे थडग्यांजवळ आणि धार्मिक विधींच्या जागी लावतात. कॉर्डिलाइन तर शेतांच्या हद्दीवरही लावतात. फांदी खोचली की जगते, बारा महिने रंग टाकीत नाही, दुरून ओळखू येते. मोजणी खात्यात काम केलेल्या वाचकाला ह्या योजनेतले शहाणपण वेगळे सांगावयास नको.

पुढची हकीकत युरोपातल्या हौसेची आहे आणि ती थोडक्यात आटपते. लंडनचे डॉक्टर नॅथनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास आढळले की बंद काचेत रोप आपल्याच ओलाव्यावर जगते. त्यांच्या काचपेट्या १८३३ मध्ये सिडनीपर्यंत सुखरूप गेल्या. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरील कर उठला आणि काचगृहे स्वस्त झाली. फुलांपेक्षा पानांच्या रंगांचे वेड तेथे पसरले. १८६४ मध्ये जॉन गूल्ड व्हीच हा रोपवाटिकेच्या घराण्यातला तरुण ऑस्ट्रेलियाकडे व दक्षिण समुद्रातील बेटांकडे गेला आणि तेथून अनेक क्रोटन घेऊन आला. १८७० मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो क्षयाने वारला. वाटिकांच्या सूचिपत्रांत मग क्रोटनला ‘क्वीन व्हिक्टोरिया’, ‘डिझरायली’ अशी नावे मिळाली. राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणविण्याचा कायदा १८७६ मध्ये डिझरायलीनेच करून घेतला, त्यामुळे दोघे शेजारशेजारच्या कुंड्यांत शोभतातही. बेटांवरच्या ज्या हातांनी हे रंग पिढ्यानुपिढ्या निवडले, त्यांचे नाव एकाही कुंडीवर नाही.

आपल्या देशात परक्या झाडांची मोठी पेठ कलकत्ता ही होती. तेथील कृषी व उद्यान संस्था १८२० मध्ये स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक विल्यम कॅरे. हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नसावे. श्रीरामपुराहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपातला कोश छापणारे ते हेच कॅरे. पंडित वैजनाथ यांच्यापाशी आपली भाषा शिकणारा हा गृहस्थ फावल्या वेळात वाफे करीत असे. परप्रांतात मराठीचे आणि बागेचे असे नाते आधीच जुळलेले आहे हे कळल्यावर मला, का कोण जाणे, त्या शहरात थोडे कमी परके वाटू लागले.

आता थोडे कुंडीविषयी. क्रोटन सावलीत ठेवला की हिरवा पडतो; त्याचे रंग उन्हाचे आहेत. पुष्कळ जातींत कोवळे पान हिरवट-पिवळे येते आणि जून होईल तसे लाल होत जाते. चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, कातडीला लागला तर काहींना खाज सुटते. उत्तरेकडील थंडी त्याला सोसत नाही, पाने गळतात. बी पेरून आईसारखे रोप मिळेल ह्याचा भरवसा नाही. म्हणून पावसाळ्यात गुटी बांधावी. फांदीची बोटभर साल काढून ओल्या शेवाळाने किंवा चिकणमातीने ती लपेटायची; काही आठवड्यांत मुळे धरतात. इंग्रजांच्या बागकामाच्या पुस्तकांतही ह्या कृतीला ‘गूटी’ असेच म्हटले आहे. शिकविणारे माळीच होते, तेव्हा शब्दही त्यांचाच राहिला.

बदलीचा हुकूम आला त्या आषाढात माळ्याने दारातल्या सर्वांत जुन्या पाताबाहारला चार गुट्या बांधल्या. ते झाड माझ्या आधी किती अधिकाऱ्यांनी पाहिले, हे त्यालाही सांगता येईना. तीन रोपे त्याने शेजारच्या बंगल्यांत वाटली. चौथे माझ्या सामानातून लखनौला आले. त्याची यादीत नोंद नाही. डिसेंबर लागला की रात्री मी ती कुंडी उचलून व्हरांड्याच्या आत घेतो.