देवांच्या पाठीमागचा डोंगर

पौराणिक चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देव उभे राहतात. त्यांच्या पाठीमागचा डोंगर कोणता, हे सहसा कोणी विचारीत नाही. सतराव्या शतकात रोममध्ये राहून चित्रे काढणाऱ्या क्लोद लोरँने मात्र हा क्रमच उलटा केला. युरोपातील त्या काळच्या कलेला बरोक म्हणतात. त्याचे १६७२ मधील एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ट्रॉय नगर जळाल्यावर वडिलांना व मुलाला घेऊन निघालेला ईनिअस अपोलोच्या डेलॉस बेटावर उतरला आहे. पण ही सारी माणसे बोटभर! नजर ठरते ती जुन्या झाडांवर, देवळावर आणि पलीकडच्या निळ्या समुद्रावर. देऊळ रोममधल्या पँथिऑनच्या घाटाचे आहे. क्लोद म्हणे गमतीने सांगे, मी देखावा विकतो, माणसे फुकट देतो!

पुढच्याच वर्षी, १६७३ मध्ये, शिवछत्रपतींनी साताऱ्याचा किल्ला घेतला. त्याच सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये निघाले आणि १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. तेथे रविवर्म्याची चित्रे आहेत. अशा चित्रांपुढे उभा राहिलो की मला वाटते, देव आपल्या ओळखीचे झाले खरे, पण त्यांच्यामागचे रान अजून परकेच राहिले आहे.

आणि बाहेर पाहावे, तर डोंगरच कथा सांगत असतो! येथेच देवीने औंधासुर मारला आणि जोतिबाने तिला 'ये माई' अशी हाक घातली, असे लोक सांगतात. वाईला विराटनगरी म्हणतात. जवळच पांडवगड आहे. तीच कृष्णा पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणेला भेटते. त्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. तेव्हा आजच्यासारखे देखावे कोठले? सूत्रधाराने पदे गावीत आणि मिथिला ज्याची त्याने मनात उभी करावी. ती उभी करताना प्रेक्षकाला कृष्णाकाठच आठवला असेल, यात नवल ते काय?

क्लोदनेही दुसरे काय केले? रोमभोवतालच्या माळावर पहाटे व सांजवेळी हिंडून जो उजेड पाहिला, तोच त्याने पुराणकथेला दिला. पुराण जिवंत राहते ते अशा पायाखालच्या मातीमुळे. माती विसरली की उरतात ते नुसते मुकुट आणि शेले.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या अंगणातला किल्ला जरा निरखून पाहा. मातीचा मोठा डोंगर, त्यावर उगवलेले हळीव आणि बोटभर मावळे! माणसाने डोंगरापुढे केवढे असावे, हे आमच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही.