गंडकूट : हाडाचें कीं मांसाचें?

मुखाच्या स्नायूंना व्यायाम दिला असतां गालांचीं हाडें अधिक उठावदार दिसूं लागतात काय, असा प्रश्न अलीकडे तरुण मंडळींत वारंवार ऐकूं येतो. कोणी आरशापुढें बसून गाल फुगवितो, कोणी कठीण गोंद तासन् तास चघळतो, तर कोणी आहार तोडून गाल आंत ओढून घेतो. प्रश्न वरवर पाहतां प्रसाधनाचा वाटतो आणि वडील मंडळी तो हंसण्यावारी नेतात. परंतु त्याच्या मागें बराच मोठा इतिहास आहे, व त्यांतील एक प्रकरण आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचलेलें आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम आपल्याकडील शारीरशास्त्र काय म्हणतें तें पाहूं. चरकसंहितेंत शरीरांतील हाडांची संख्या ३६० सांगितली आहे, सुश्रुतसंहितेंत ३००. चरकाच्या गणनेंत नाक, गंडकूट आणि ललाट हीं तिन्ही मिळून एकच हाड धरलें आहे. सुश्रुत मात्र गालाचें हाड वेगळें मोजतो. ‘गंडकूट’ म्हणजे गालाचें शिखर. शब्द मोठा अन्वर्थक आहे, कारण शिखराची उंची केवळ शिखरावर अवलंबून नसते. भोंवतालची दरी किती खोल आहे यावरहि ती ठरते. आमच्या मतें प्रस्तुत प्रश्नाचें अर्धें उत्तर या एका शब्दांतच सांठविलेलें आहे.

वैद्यांनीं हाडें मोजलीं. नाट्याचार्यांनीं त्यांवरील मांसाची हालचाल पाहिली. भरताच्या नाट्यशास्त्राच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद असले, तरी त्यांतील निरीक्षणाच्या सूक्ष्मतेविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. त्याच्या आठव्या अध्यायांत गालांचे सहा प्रकार सांगितले आहेत : क्षाम, फुल्ल, पूर्ण, कंपित, कुंचित आणि सम. दुःखांत गाल क्षाम होतो, हर्षांत फुलतो, उत्साहांत व गर्वांत भरून येतो. थंडी, भय आणि ज्वर यांत आक्रसतो. एकाच नटाचा गाल घटकेंत खोल व घटकेंत उन्नत दिसतो आणि हाड तर जागचें तसूभरहि हललेलें नसतें. अर्थात् स्नायूंच्या योगानें गालाचें शिखर उंच भासवितां येतें, हें ज्ञान आपल्याकडे रंगभूमीइतकेंच जुनें आहे. मात्र हा उठाव क्षणिक असतो. पडदा पडला कीं तो ओसरतो.

हें कार्य नेमका कोणता स्नायु करतो, याचा प्रत्यक्ष प्रयोग पॅरिस येथील ड्यूशेन नांवाच्या वैद्यानें केला. त्याचा ग्रंथ १८६२ सालीं प्रसिद्ध झाला. एका दंतहीन, कृश चेहऱ्याच्या वृद्धाच्या मुखावर विजेचीं टोकें ठेवून त्यानें एकेक स्नायु निरनिराळा चेतविला व त्याचीं छायाचित्रें घेतलीं. गालाच्या हाडापासून निघून ओंठाच्या कोपऱ्याला जाऊन मिळणारा जो स्नायु, तो आंखडला असतां गालाचें मांस वर सरकतें व हाडावर गोळा होतें. यालाच आपण हंसणें म्हणतों. त्यांत डोळ्याभोंवतालच्या स्नायूची साथ नसेल तर तें हंसणें वरपांगी ठरतें, हेंहि ड्यूशेननेंच दाखविलें. पुढें डार्विननें १८७२ सालच्या आपल्या भावप्रदर्शनावरील ग्रंथांत या छायाचित्रांचा उपयोग केला. ज्या खळीचें आपल्याकडे इतकें कौतुक होतें, तीहि पुष्कळदां याच स्नायूच्या दुभंगलेपणामुळें पडते. कौतुकाचा विषय झालेलें तें शरीररचनेंतील एक लहानसें वैगुण्यच होय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दंडाचा स्नायु मेहनतीनें जसा फुगतो, तसे भावदर्शक स्नायु फुगतील काय? हे स्नायु पातळ असून त्यांचें एक टोंक त्वचेंत गुंतलेलें असतें. वजन उचलणें हें त्यांचें कामच नव्हे. तथापि प्रयोग झाला आहे. अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील वैद्यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ४० ते ६५ वयाच्या २७ स्त्रियांना मुखव्यायाम शिकविले. वीस आठवड्यांचा क्रम १६ जणींनीं पुरा केला व त्यांचे गाल वरच्या आणि खालच्या बाजूस किंचित् भरल्याचें परीक्षकांना आढळलें. परंतु संख्या अल्प, आणि तुलनेसाठीं व्यायाम न करणारा दुसरा गट नव्हता. त्यामुळें त्यावर मोठी इमारत उभारणें शहाणपणाचें होणार नाहीं. शिवाय गाल भरला म्हणजे वय थोडें झांकलें जातें, हाड वर येत नाहीं, हा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे.

चावण्याच्या स्नायूची गोष्ट वेगळी. गालाच्या हाडाच्या कमानीपासून खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत पसरलेला हा स्नायु खरोखरच बलवान् आहे व अति चघळण्यानें तो वाढतो. पण तो वाढतो कोठें? जबड्याच्या कोनाशीं. त्यामुळें चेहऱ्याचा खालचा भाग रुंद व चौकोनी होतो आणि वरचें शिखर तुलनेनें ठेंगणें दिसूं लागतें. बालपणीं हाडें वाढत असतां चर्वणाचा त्यांच्या घडणीवर परिणाम होतो, हें खरें. परंतु वाढ पुरी झाल्यावर गोंद चघळून गालाचें हाड पुढें आणूं पाहणारा उलट्या दिशेनें चालत असतो!

या हाडाला सौंदर्याहून भलतेंच महत्त्व आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९०१ च्या शिरोगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनीं नाकाची रुंदी व गालांच्या हाडांचा उठाव मोजून हिंदी लोकांचे वंश ठरविण्याचा खटाटोप केला. चेहरा चपटा कीं उठावाचा, यावरून माणसाचें मूळ सांगूं पाहणारें हें शास्त्र होतें. मुंबई विद्यापीठांतील डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत रिस्ले यांचींच मापें तपासून, नाकाचें माप व जातीची प्रतिष्ठा यांचा रिस्ले यांनीं जोडलेला संबंध उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाहीं असें दाखविलें. त्यापूर्वींच इरावती कर्वे बर्लिनला जाऊन ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं कवट्यांचा अभ्यास करून आल्या होत्या. डोक्याच्या दोन बाजूंतील विषमता युरोपीय लोकांत अधिक असावी व ती बुद्धीच्या श्रेष्ठतेची खूण असावी, असा फिशर यांचा तर्क होता. कर्वे यांना मापांत वंशावंशांमध्यें तसा भेद मुळींच आढळला नाहीं, आणि गुरूला न रुचणारा तो निष्कर्ष त्यांनीं आपल्या प्रबंधांत नमूद केला. ज्या संस्थेंत हा अभ्यास झाला तिनेंच पुढें नाझी राजवटीच्या वंशविद्येला हातभार लावला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे एका मराठी विदुषीच्या त्या सरळ मोजमापाचें मोल कळतें.

गालाचें हाड वर येण्याचा तिसरा मार्ग सर्वांत सोपा व सर्वांत दुःखद आहे : तो म्हणजे भोंवतालचें मांस झडणें. कानशिलांतील स्नायु सुकला, गालांतील मेद आटला, दाढा पडल्या, कीं हाडाची कमान आपोआप उघडी पडते. आमच्या भाषेनें ही अवस्था कधींच सौंदर्यांत जमा केली नाहीं. ‘गालफडें बसलीं’, ‘गालांचीं हाडें वर आलीं’ हे शब्द आपण आजाऱ्याविषयीं किंवा उपाशी माणसाविषयीं वापरतों. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमधील लक्षावधि चेहरे असेच उठावदार झाले होते. त्यांचा हेवा कोणी केला नाहीं.

आणि येथेंच खारघरचा संबंध येतो. १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. १९५२ मध्यें कर्करोगाच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था तेथेंच निघाली, आणि २००२ सालीं तें संशोधन पनवेल तालुक्यांतील खारघर येथें सुमारें ६० एकरांच्या आवारांत हलविण्यांत आलें. मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास हें त्या केंद्राचें एक प्रमुख कार्य होय. या रोगाआधीं पुष्कळदां एक अवस्था येते, तिचें वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनीं १९५३ सालीं केलें. सुपारीच्या नित्य सेवनानें तोंडाच्या आंतील नाजूक अस्तराखालीं तंतु जमतात, गाल आंतून ताठर होतो, लवचिकपणा जातो, तोंड पुरतें उघडत नाहीं. गाल आंत ओढले जातात आणि त्यांवरील हाड ठळक दिसूं लागतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं सुपारीची गणना, तंबाखू नसतांहि, कर्ककारक पदार्थांत केली. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. तरीहि ज्या वयांत पोरें गालांच्या खोलगटपणासाठीं आरशापुढें बसतात, त्याच वयांत कित्येक पोरांच्या गालांना हा दुसरा खोलगटपणा येत आहे. आरसा या दोहोंतील भेद सांगत नाहीं.

तेव्हां उत्तर असें : स्नायूंच्या योगानें गालाचें शिखर घटकाभर उंच दिसतें, तें हंसण्यांत, चघळण्यानें तें उलट दबतें, आणि कायमचें उंच दिसतें तें बहुधा भोंवतालचें कांहीं तरी हरपल्यामुळें. ज्याला जन्मतः उंच हाड लाभलें त्यानें त्याचा गर्व करूं नये, ज्याला नाहीं त्यानें खंत बाळगूं नये. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मात्र एक गोष्ट अवश्य करावी. सुपारी, मावा वा गुटखा खाणाऱ्या मुलाचे गाल बसूं लागले असतील, तर त्याला तोंड उघडून आपलीं तीन बोटें उभीं एकावर एक धरून आंत घालावयास सांगावें. तीं गेलीं नाहींत, तर आरसा बाजूला ठेवून त्याला वैद्याकडे न्यावें.