परळच्या काचपात्रातला जंतू

जंतू म्हटलं की आपण आधी फिनेलची बाटली शोधतो. पण आज अशा एका जंतूची गोष्ट ऐका, ज्याची लस झाली. आणि तो शोधणाऱ्यांत आपली एक पुणेकर बाई होती.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली पाहिला. पण पाहणं वेगळं, वाढवणं वेगळं. दुधात विरजण लागावं तसा हा जंतू प्रयोगशाळेतल्या पात्रात कधी लागलाच नाही, अगदी आजपर्यंत. जंतूच हाती नाही, तर लस कशाची करणार?

मुंबईत परळला १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथे डॉ. कमल रणदिवे काम करत होत्या. त्या माहेरच्या समर्थ, जन्म १९१७ चा. अमेरिकेत शिकून आल्या आणि शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी इथे उभारली. कुष्ठरोग मज्जातंतूंना धरतो. म्हणून माणसाच्या मज्जातंतूंच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांत रुग्णाच्या शरीरातले जंतू सोडले गेले. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी जाहीर केलं, की त्यातून एक जंतू वाढला आहे. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ जंतू म्हणू लागले.

पुढे कळलं, की हा कुष्ठरोगाचा जंतू नव्हेच. क्षय आणि कुष्ठाच्या जंतूंचा हा भाऊबंद, ‘एव्हियम’ नावाच्या गटातला. या गटातले जंतू पाण्यात, मातीत असतात. धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाहीत. मात्र फुप्फुसं आधीच दुबळी असली किंवा प्रतिकारशक्ती घटली, तर क्षयासारखाच खोकला लावतात. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर दोन्ही सारखेच दिसतात, औषधं मात्र वेगळी लागतात.

मग मेहनत वाया गेली का? नाही. भाऊबंदांचा तोंडवळा सारखा असतो ना? एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही अडवेल, हा त्यामागचा विचार. १९७९ साली याच संस्थेत हे जंतू किरणांनी मारून लस तयार झाली. १९९१ पासून तमिळनाडूत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर वेगवेगळ्या लसींची तुलना झाली. १९९८ साली निकाल आला: आयसीआरसी लसीचं संरक्षण सुमारे ६५ टक्के, नुसत्या बीसीजीचं ३४.

कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळालं. त्याआधी १९७३ साली महिला शास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्यांनीच पुढाकार घेतला होता.

आज कुष्ठरोगावरचा मुख्य भर गोळ्यांवर आहे. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतल्या की रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. तरीही अंगावरचा चट्टा पदराखाली झाकणाऱ्या बाया आहेतच. लोक काय म्हणतील, सासरी काय होईल, ही धास्ती. मैत्रिणींनो, झाकलेला चट्टा वाढतो, बोटं वाकडी करतो. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर आशाताईला दाखवा. शेजारणीला दिसला, तर तिच्यापासून लांब सरकू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.